कांतुच्ची घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीतल्या तोस्काना प्रांतात, फ्लोरेन्सच्या वायव्येला प्रातो नावाचं शहर आहे. ते कापडगिरण्यांसाठी ओळखलं जातं आणि बदाम घातलेल्या कडक बिस्किटांसाठीही. आपल्याकडच्या कॅफेत काचेच्या बरणीत ‘बिस्कॉटी’ म्हणून जी तिरकी कापलेली लांबट बिस्किटं दिसतात, त्यांचं हे माहेर. तिकडे त्यांना कांतुच्ची किंवा कांतुच्चीनी म्हणतात. खालचे प्रश्न वरवर निरनिराळे दिसतील, पण त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: पिठात ओल किती आहे आणि ती बाहेर कधी काढायची.

हा प्रकार किती जुना आहे?

फ्लोरेन्सच्या ‘आकादेमिया देल्ला क्रुस्का’ या भाषासंस्थेच्या शब्दकोशाच्या १६९१च्या आवृत्तीत कांतुच्चोची नोंद आहे: बारीक पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक घालून केलेलं, चकत्या कापलेलं बिस्किट. गंमत म्हणजे त्यात बदामाचं नावही नाही. आज आपण ओळखतो ते बदामी रूप घरोघरी पोचवण्याचं श्रेय प्रातोच्या आंतोनिओ मात्तेई यांना दिलं जातं. त्यांनी १८५८ साली तिथे बेकरी काढली. व्हिया रिकासोलीवरचं ते दुकान अजून चालू आहे आणि त्याची निळी कागदी पिशवी तोस्कानात कोणीही ओळखतं. मैदा, साखर, अंडी, बदाम आणि चिलगोजासारखे पाइनचे दाणे एवढ्यावरच त्यांची बिस्किटं होतात. पुढे २०१६ मध्ये ‘कांतुच्चीनी तोस्कानी’ला युरोपीय संघाची भौगोलिक ओळख मिळाली, म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे तसं मानांकन.

दोनदा का भाजायची? एकदाच जास्त वेळ भाजली तर?

कोथिंबीर वडी आठवा. आधी उंडे वाफवून घेतो, निवू देतो, मग कापून तळतो. न कापता उंडाच्या उंडा तळायला घेतला तर बाहेरून करपेल आणि आत गिच्च राहील. इथेही तेच आहे. पहिल्या भाजणीत पिठाचा उंडा फक्त शिजतो: अंडं घट्ट होतं, पीठ आकार धरतं, वरून रंग येतो. आत मात्र बरीच ओल शिल्लक असते. चकत्या पाडल्या की ती ओल दोन्ही बाजूंनी उघडी पडते आणि दुसऱ्या, मंद भाजणीत निघून जाते. दुसरी भाजणी ही खरं तर वाळवणी आहे, हे एकदा डोक्यात बसलं की तापमानाचे निम्मे गोंधळ संपतात.

अशी वाळवलेली बिस्किटं मुळात चैनीची नव्हती. भूमध्य समुद्रातल्या गलबतांवर महिनोन्‌महिने टिकणारं अन्न लागायचं, म्हणून पाव भाजून पुन्हा वाळवत. व्हेनिसच्या आरमारी गोदीजवळ खास अशा जहाजी बिस्किटांच्या भट्ट्याच होत्या. त्या बिस्किटांना ना साखर, ना बदाम. आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला टोस्टही याच युक्तीने होतो, पावाच्या चकत्या करून पुन्हा भट्टीत घालून.

घरी करायला प्रमाण काय घ्यावं?

सुमारे ४० बिस्किटांसाठी: मैदा २५० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, २ अंडी आणि वर एका अंड्याचा फक्त पिवळा बलक, सालासकट अख्खे बदाम १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ आणि एका संत्र्याची किसलेली साल. सालीचा वरचा केशरी भागच किसा, खालचा पांढरा कडू लागतो.

अंडी आणि साखर फेटून घ्या. फेस यायची गरज नाही, साखर बरीचशी विरघळली की पुरे. साल आणि मीठ घाला. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात मिसळा आणि शेवटी बदाम. पीठ एकजीव झालं की थांबा, पोळीच्या कणकेसारखं मळत बसू नका. त्याचे दोन उंडे करा: साधारण ४ सेंटिमीटर रुंद, २ सेंटिमीटर उंच आणि ट्रेमध्ये मावतील एवढे लांब. ओटीजी लहान असेल तर तीन करा. दोघांत चार बोटं अंतर ठेवा, कारण भाजताना ते पसरतात.

वाटीने मोजायचा मोह टाळा. भाजीत वाटीभर इकडेतिकडे चालतं. इथे ओल फक्त अंड्याची असते, त्यामुळे वीस-पंचवीस ग्रॅम मैदा कमी पडला तरी पीठ सैल होतं. अंडीही तोलली तर उत्तम. बाजारात मिळणारी अंडी बऱ्याचदा लहान असतात. फोडल्यावर दोन अंडी आणि जादा बलक मिळून ११५ ते १२० ग्रॅम भरायला हवेत.

जाड साखर चालेल का?

चालेल, पण ती अंड्यात सहज विरघळत नाही. तिचे दाणे तसेच राहिले तर उंडा जास्त पसरतो आणि वर तपकिरी ठिपके दिसतात. मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा फिरवून बारीक करून घ्या. विकतची पिठीसाखर मात्र नको, तिच्यात बहुधा कॉर्नफ्लॉर मिसळलेलं असतं आणि बिस्किट भुसभुशीत होतं.

यात लोणी किंवा तेल कसं नाही?

प्रातोच्या जुन्या पद्धतीत नाहीच. तोस्कानात इतरत्र लोणी घालणारे पुष्कळ आहेत आणि मानांकनाच्या नियमांनाही लोणी चालतं, त्यामुळे घातलं म्हणून काही बिघडत नाही. फरक समजून घ्या एवढंच. लोण्याने बिस्किट खुसखुशीत होतं, नुसतं खायला सोपं जातं. पण मग ते नानकटाईकडे झुकतं आणि पेयात बुडवलं की लवकर विरघळतं. शिवाय स्निग्धांश जितका जास्त, तितका खवट होण्याचा धोका जास्त. घालायचंच असेल तर वरच्या प्रमाणाला ३० ते ४० ग्रॅम पुरे. पहिल्यांदा मात्र बिनलोण्याचं करून पाहावं असं माझं मत आहे. बदामाची चव त्यातच उठून दिसते.

बेकिंग पावडर नाही घातली तर?

तरीही होतात. जास्त घट्ट आणि दाताला करकरीत होतात इतकंच. इटलीतल्या काही घरांत आणि बेकऱ्यांत बेकिंगसाठीचा अमोनिया वापरतात. भाजताना त्याचा उग्र वास सुटतो, पण पातळ, कोरड्या बिस्किटातून तो पूर्ण उडून जातो. जाड केकमध्ये तो अडकून राहतो, म्हणून तिथे वापरत नाहीत. घरात बेकिंग पावडरच बरी. खाण्याचा सोडा टाळा, कारण या पिठात त्याला पुरेसं आंबट काही भेटत नाही. मग रंग गडद येतो आणि मागे साबणासारखी चव राहते.

मैद्याऐवजी कणीक घेऊ का?

निम्मी घ्या. पूर्ण कणकेची केली तर ती पाणी जास्त ओढते, पीठ एकत्र यायला आणखी एक बलक किंवा दोन चमचे दूध लागतं आणि कोंड्यामुळे चकत्या कापताना कडा सुटतात. निम्म्या मैद्यात निम्मी चाळलेली कणीक छान लागते. ज्वारी किंवा नाचणीचं पीठ घालायचं तर मैद्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर कापताना उंडा तुटतो.

बदाम सोलायचे का? आधी भाजायचे? काप करायचे?

तिन्हींना नाही. सालासकट आणि अख्खेच घाला. चकतीत कापल्या गेलेल्या बदामाचा पांढरा गर आणि भोवतीची तपकिरी रेघ हीच या बिस्किटाची ओळख आहे. आधी भाजलेला बदाम कडक होतो, सुरी लागली की तडकतो आणि शेजारचं पीठही घेऊन पडतो. कच्चा बदाम उंड्याबरोबर भाजला जातो, गरम असेपर्यंत जरा मऊ असतो आणि सरळ कापला जातो. भिजवून सोललेले बदाम मात्र मुळीच नकोत, ते पिठात पाणी सोडतात. बदामाची जात फार मोठी गोष्ट नाही. नेहमीचे कॅलिफोर्निया बदाम चालतात. महागडे मामरा तसेच खायला ठेवा.

उंब्रिया आणि रोमच्या आसपासच्या भागात हेझलनट घालून असाच प्रकार करतात, त्याला तोत्झेत्ती म्हणतात. त्याच धर्तीवर काजू घालावेसे वाटतील. घाला, पण काजू मऊ असतो, त्याने बिस्किटाला तो करकरीतपणा येत नाही. पिस्ते चांगले.

पीठ हाताला फार चिकटतं. मैदा वाढवू का?

थांबा. हे पीठ चिकटच असतं. मैदा वाढवत गेलात तर उंडा सुरेख वळला जाईल आणि बिस्किटं दगड होतील. हात पाण्याने ओले करून उंडा थेट बेकिंगच्या कागदावरच वळा आणि ओल्या बोटांनीच वरून थापा. तरी आवरत नसेल तर वाडगं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. अंडी खरोखरच मोठी निघाली आणि पीठ वाहायला लागलं तरच एक-दोन चमचे मैदा घाला.

वळून झालं की वरून थोडं फेटलेलं अंडं ब्रशने लावा. त्याने चकाकी येते आणि पृष्ठभाग तडकला तरी चांगला दिसतो. तडकणं हा दोष नाहीच.

तापमान आणि वेळ किती?

पहिली भाजणी: १८० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या कप्प्यात २२ ते २५ मिनिटं. घरगुती ओटीजीचा वरचा रॉड बिस्किटांच्या फार जवळ असतो, त्यामुळे १७० वर ठेवून दोन-चार मिनिटं जास्त द्या. उंडा वरून फिकट सोनेरी दिसला आणि मधोमध बोटाने दाबल्यावर खड्डा न पडता किंचित परत वर आला की काढा. इथे गडद रंगाची वाट पाहू नका, दुसरी भाजणी अजून बाकी आहे.

दुसरी भाजणी: १५० अंश, चकत्या आडव्या मांडून एका बाजूने ८ ते १० मिनिटं, उलटून दुसऱ्या बाजूने तेवढीच. जाळीवर मांडल्या तर खालूनही हवा लागते आणि उलटायची गरज राहत नाही. मग एकूण १५ ते १८ मिनिटं द्या. ओव्हनमधून काढताना चकती मधोमध थोडी लवचीक वाटली तरी घाबरू नका, गार होताना साखर घट्ट होते आणि ती कडक होते. घाई करून तापमान वाढवलं तर कडा करपतात आणि मध्य ओलाच राहतो. जळका वास येऊनही दुसऱ्या दिवशी मऊ पडलेल्या बिस्किटांच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

कापताना चुरा होतो. काय चुकतं?

तीनपैकी एक गोष्ट असते: वेळ, सुरी किंवा हात.

उंडा ओव्हनमधून काढल्याबरोबर कापला तर आतलं पीठ दाबलं जाऊन चिकटतं. पूर्ण गार झाल्यावर कापला तर वरचं कवच तडकतं. मधली वेळ १० ते १५ मिनिटांनी येते: हात लावता येतो, पण उंडा अजून उबदार असतो. विसरलात आणि तो थंड झाला तर पाच मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा.

सुरी दातेरी हवी, पाव कापायची. भाजीची धारदार सुरी वरून दाब देते आणि बदाम आला की अडकते.

आणि हात करवतीसारखा पुढेमागे चालवायचा तो फक्त कवच फुटेपर्यंत, नंतर एका दमात खाली. दीड सेंटिमीटर जाडीच्या तिरक्या चकत्या पाडा. तिरकेपणा दिसण्यासाठी तर आहेच, पण तसं कापल्याने चकती लांब होते आणि कपात बुडवायला पकड मिळते. पातळ चकत्या करायचा मोह अनेकांना होतो. एक सेंटिमीटरच्या खाली गेलात की प्रत्येक बदाम चकतीचे दोन तुकडे करतो.

इतकं करूनही टोकाचे तुकडे तुटणारच. ते करणाऱ्याने खायचे असतात.

माझी बिस्किटं फारच कडक झाली. दात तुटेल!

काही अंशी ती तशीच असायला हवीत. हे बिस्किट नुसतं चावण्यासाठी केलेलं नाही, बुडवण्यासाठी केलेलं आहे. गोव्यात पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, बांगडीसारखी कडक कांकणं चहाशिवाय कोण खातं? बुडवूनही दोन-तीन सेकंदांत कड मऊ होत नसेल तर मात्र मैदा जास्त पडलाय, पीठ जास्त मळलं गेलंय किंवा दुसरी भाजणी लांबलीय. पुढच्या वेळी आधी मैदा तोला, मग बाकीचं पाहा. घरात वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं असतील तर ३० ग्रॅम लोणी घालून करणं हा सरळ उपाय आहे.

दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

मऊ पडण्याची कारणं दोन: आतली ओल आणि बाहेरची ओल. एक बिस्किट पूर्ण गार झाल्यावर मधोमध मोडून पाहा. कट्‌ आवाज होऊन तुटलं तर भाजणी नीट झालीय. वाकून तुटलं तर ओल आत राहिलीय, सगळी पुन्हा १५० अंशांवर ८ मिनिटं ठेवा.

बाहेरची ओल हा कोकण, मुंबई आणि गोव्याचा खास प्रश्न आहे. कोरड्या हवेत तोस्कानात बिस्किटं नुसती काचेच्या बरणीत ठेवली तरी निभतं. जुलैत दादरला निभत नाही, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात ओव्हन बंद केल्यावर दार बोटभर उघडं ठेवून बिस्किटं आतच गार होऊ द्या. नंतर लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात भरा. गरम असताना भरलीत तर झाकणाला आतून वाफ धरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. रोज उघडायला एक लहान डबा वेगळा ठेवा, मोठा डबा सारखा उघडू नका. फ्रीजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, बाहेर काढल्यावर त्यांना दव धरतं.

मऊ पडलेली बिस्किटं टाकून देऊ नका. पुन्हा भाजली की ती पूर्ववत होतात.

अंड्याशिवाय होतील का?

बिस्किटं होतील, ती कांतुच्ची नसतील. इथे अंडं एकाच वेळी पाणी, चिकटपणा आणि रंग तिन्ही देतं. त्याच्या जागी लोणी आणि दूध घेऊन चांगला पर्याय होतो: मैदा २५० ग्रॅम, बारीक साखर १३० ग्रॅम, मऊ लोणी ६० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, बदाम १२५ ग्रॅम आणि साधारण ८० ते ९० मिलिलिटर दूध. दूध एकदम ओतू नका, गोळा जमेल तसं घाला. हा उंडा जरा नाजूक होतो, म्हणून कापण्याआधी २० मिनिटं थांबा आणि चकत्या थोड्या जाड ठेवा. रंग फिकट राहील. वरून दुधाचा हात फिरवला तर थोडा सुधारतो. श्रावणात किंवा अंडं न खाणाऱ्या घरात हेच करावं. अंड्याच्या जागी दही किंवा केळं घालायचे सल्ले मिळतात, तिकडे लक्ष देऊ नका. दोन्हींनी ओल वाढते आणि इथे आपल्याला ती काढायची आहे.

ओव्हन नाही. कुकरमध्ये किंवा कढईत जमेल?

पहिली भाजणी जमते. जाड बुडाच्या मोठ्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग ट्रे आत ठेवायचा. कुकर वापरलात तर शिटी आणि रबर दोन्ही काढा. अर्धा तास तरी लागतो आणि वरून रंग येत नाही. दुसऱ्या भाजणीला मात्र बंद भांडं उपयोगाचं नाही, वाफ आत कोंडते. त्यापेक्षा चकत्या जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता, उलटत-पालटत २० ते २५ मिनिटं शेका. एअर फ्रायर असेल तर दुसऱ्या भाजणीला तो उत्तमच, फिरती हवा वाळवायचंच काम करते. १४० अंशांवर ८ मिनिटांपासून पाहायला लागा. मायक्रोवेव्ह फक्त कन्व्हेक्शनवर वापरा.

स्वाद बदलायला काय घालता येईल?

संत्र्याची किंवा लिंबाची साल आणि अनीसचे दाणे हे तिथले जुने स्वाद. अनीस आपल्या बडीशेपेच्याच कुळातलं, त्यामुळे बारीक लखनवी बडीशेप अर्धा चमचा जाडसर कुटून घातली तर चव मूळ धाटणीत राहते. वेलची, केशर चालतील, पण मग तो बदामी खाऊ होतो. वाईट नाही, वेगळा. टुटीफ्रुटी आणि सुकवलेली क्रॅनबेरी मला पटत नाहीत, दोन्ही ओल धरून ठेवतात आणि त्यांच्या भोवतीचं बिस्किट मऊ राहतं. चॉकलेट हवं असेल तर पिठात न घालता गार झालेल्या बिस्किटाचं एक टोक वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवा.

विन सान्तोबरोबरच खायची असतात का? दारू न घेणाऱ्यांनी काय करायचं?

तोस्कानात जेवणानंतर विन सान्तोच्या लहान पेल्यात कांतुच्ची बुडवून खातात. ही गोड वाइन. त्रेब्बियानो आणि माल्वाझिया जातीची द्राक्षं तोडल्यावर महिनोन्‌महिने वाळवतात, मग रस काढून लहान पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. भारतात ती सहज मिळत नाही. वाइन घेणाऱ्यांनी नाशिककडची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक घेऊन पाहावी, तिचा गोडवा जवळचा आहे. बिस्किटात स्वतःत दारू नसते. त्यामुळे न घेणाऱ्यांनी बिनसाखरेच्या काळ्या कॉफीत बुडवावं. दुधाच्या चहातही छानच लागतं, फक्त चहात साखर कमी घाला.

किती दिवस टिकतात? मुलांना परदेशी पाठवता येतील का?

बिनलोण्याची, नीट वाळलेली बिस्किटं घट्ट डब्यात तीन-चार आठवडे चांगली राहतात, लोण्याची दोन आठवडे. त्यानंतर खराब होत नाहीत, पण बदामाला जुनाट वास यायला लागतो. प्रवासाला ही चकली-चिवड्याइतकी सोयीची: तेल सुटत नाही, सहज मोडत नाहीत. डब्यात उभी, एकमेकांना टेकवून भरा आणि वरची रिकामी जागा कागदाच्या बोळ्यांनी भरून काढा म्हणजे हलणार नाहीत. अंड्याच्या पदार्थांबद्दल देशोदेशी नियम वेगळे आहेत, तेव्हा पार्सल करण्याआधी कुरिअरवाल्याकडे चौकशी करा.

पीठ आधी करून ठेवता येतं का?

उंडे वळून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये एक दिवस राहतात. त्याहून सोपं म्हणजे पहिली भाजणी आदल्या दिवशी करा, उंडे गार करून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पाच-सात मिनिटं गरम करून कापा आणि वाळवा. पाहुणे यायच्या वेळी घरभर बदाम भाजल्याचा वास हवा असेल तर हीच पद्धत.